थ्रिलर सुटत नाहीत, म्हणजे अभिरुची बिघडली का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. तुम्ही लिहिलंय की गेली दोनेक वर्षं थ्रिलरखेरीज काही हातात टिकत नाही. एक भला नायक, एक दुष्ट खलनायक, डोक्यावर टिकटिकणारं घड्याळ आणि शेवटी भल्याचा विजय. शेवट काय होणार हे पहिल्या वीस पानांत कळतं, तरी रात्री दोन वाजेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही. आणि आठवड्यानं कुणी विचारलं तर नायकाचं नावसुद्धा आठवत नाही. पूर्वी तुम्ही ज्याला 'चांगलं वाचन' म्हणायचात ती पुस्तकं तिसाव्या पानावर खूण घालून पडून आहेत. शेवटी तुम्ही विचारलंय, "हे पळून जाणंच ना? अभिरुची बिघडली असेल तर सुधारायची कशी? आणि पुढे काय वाचू, नावं सांगाल का?"

थोडक्यात, ओढ कशाची, विसर का पडतो आणि लाज वाटून घ्यावी का. ओढीबद्दल मी बरंच सांगू शकते. विसराबद्दल थोडं. लाजेचं उत्तर मात्र तुमच्या सध्याच्या दिवसांवर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. त्यामुळे तिथे मला 'जर-तर'च्या भाषेत बोलावं लागेल.

मी गेली बावीस वर्षं थरारकथांचं संपादन करते आहे. मधल्या काळात सात-आठ कादंबऱ्यांचा अनुवादही केला. म्हणजे माझी चूल यावरच पेटते, तेव्हा माझं मत त्या हिशेबानंच घ्या. पण या कामाचा एक फायदा झालाय. ही पुस्तकं मी उलट्या बाजूनं, शिवणीकडून पाहिली आहेत. कुठे टाका घातला की वाचक अडकतो आणि कुठे उसवतं, हे रोज हाताखालून जातं.

नायक जिंकणार हे ठाऊक असताना जीव टांगणीला का लागतो? रावण मरणार हे ठाऊक नसलेला श्रोता रामायणाला कधी मिळाला असेल? तरी युद्धकांड ऐकताना कुणी जांभया देत नाही. रिचर्ड गेरिग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८९ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उताऱ्यांत जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचा पहिला अध्यक्ष होईल की नाही, याबद्दलच शंका वाटावी अशी मांडणी होती. मग विचारलं, वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष झाला, हे खरं की खोटं? उत्तर शाळकरी मुलालाही ठाऊक. पण शंकेचा उतारा वाचलेल्यांना 'खरं' म्हणायला किंचित जास्त वेळ लागला. माहिती डोक्यात होती, पण गोष्टीनं ती तेवढ्यापुरती आड ठेवली होती.

(शेवट आधी सांगितला तर गोष्ट जास्त आवडते, असं दाखवणारा एक प्रयोगही २०११ मध्ये गाजला होता. नंतरच्या काही प्रयोगांत उलटं निघालं. त्यामुळे मी त्याच्यावर भिस्त ठेवत नाही, आणि कुणी शेवट सांगायला लागलं की अजूनही कानांवर हात ठेवते.)

माझ्या अनुभवातून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. वाचताना आपण 'कोण जिंकणार' हा प्रश्न विचारतच नसतो. हस्तलिखित तपासताना मी प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीनं एक ओळ लिहिते: या क्षणी वाचक काय विचारतोय? 'जग वाचेल का' असं मी समासात कधीच लिहिलेलं नाही. मी लिहिते ते असं: तिनं फोनवरचा तो निरोप पाहिला का? किल्ली नेमकी कुणाच्या खिशात आहे? पहारेकरी परत वळेल का? हा माणूस खोटं बोलतोय हे आपल्याला कळलंय, त्याला कधी कळणार? ज्या पानाच्या समासात मला काहीच लिहिता येत नाही ते पान कापायचं, मग लेखकाचं त्यावर कितीही प्रेम असो. मोठा प्रश्न खुंटीला टांगलेला असतो. आपल्याला पुढे ओढतात ते हे किरकोळ प्रश्न, आणि एकाचं उत्तर मिळायच्या आत दुसरा पेरलेला असतो.

नाट्यशास्त्राच्या आपल्या जुन्या परंपरेनं यासाठी मोठी नेमकी भाषा देऊन ठेवली आहे. कार्याच्या पाच अवस्था: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. प्राप्त्याशा म्हणजे फळ मिळेल असं वाटतंय, पण निसटेल ही धास्तीही आहे. नियताप्ती म्हणजे अडथळा सरला, आता मिळणार हे नक्की. थ्रिलरचा सगळा धंदा प्राप्त्याशेत चालतो. फसलेला थ्रिलर बहुतेक वेळा नियताप्तीला लवकर पोचलेला असतो. माझ्याकडे एक हस्तलिखित आलं होतं, ३२० पानांचं. २१० व्या पानावर नायकाच्या हाती पुरावा लागत होता आणि उरलेली ११० पानं नुसती पळापळ. लेखकाला मरगळ जाणवत होती, म्हणून तो आणखी पाठलाग घालत होता, आणखी गाड्या उलटवत होता. आम्ही एकच बदल केला. पुरावा हाती आला, पण तो ज्या एकाच माणसाकडे सोपवता येईल त्याच्यावर वाचकाचा विश्वास बसू दिला नाही. पाठलाग कापले, पुस्तक चाळीस पानांनी लहान झालं, आणि ज्यांना वाचायला दिलं ते दुसऱ्या दिवशी डोळे चोळत आले.

आता शरीराकडे वळू. डॉल्फ झिलमन या अभ्यासकानं १९७० च्या दशकात दोन गोष्टी मांडल्या, आणि दोन्ही माझ्या कामात रोज खऱ्या उतरतात. एक, ताणामुळे शरीरात जी खळबळ होते ती ताण संपल्याबरोबर ओसरत नाही. तिची धग मागे राहते आणि पुढच्या भावनेत मिसळते. म्हणून सुटकेचा क्षण जेवढ्यास तेवढा न वाटता अंगावर येतो. आधीची चाळीस पानं जितकी जाळतील तितका शेवटचा गारवा सुखाचा. दुसरी गोष्ट अशी की पात्रं आपल्याला आवडतात किंवा नावडतात ती त्यांच्या वागण्याला आपण मनातल्या मनात दिलेल्या कौलामुळे. एकदा कौल दिला की आपण त्यांच्या सुखाची आशा आणि त्यांच्या घाताची भीती बाळगू लागतो. भलं-बुरं अगदी स्वच्छ असलं की हा कौल पाच पानांत लागतो आणि उरलेलं सगळं पुस्तक भीती-आशेच्या खेळाला मोकळं राहतं. थ्रिलरमधली काळी-पांढरी विभागणी ही अशी वेळेची बचत असते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी ओढ याहून वेगळी आहे, आणि ती मला एका आजारपणात कळली.

काही वर्षांपूर्वी वडील जवळजवळ महिनाभर रुग्णालयात होते. रात्री मी त्यांच्याजवळ बसायचे. कविता नेली होती, एक जाडजूड चरित्र नेलं होतं, काहीही चालेना. डोळे ओळीवरून जायचे, डोक्यात शब्द शिरायचा नाही. शेवटी मीच संपादित केलेला एक थ्रिलर पिशवीत सापडला. त्यातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम माझ्या नजरेखालून गेलेला. मारेकरी कोण, कसा पकडला जातो, सगळं पाठ. तरी मी त्यात अडकले. मधली साठ-सत्तर पानं सलग तीन रात्री वाचली. चौथ्या रात्री एक मुद्रणदोष सापडला. माझाच.

तेव्हा विचार केला, हे का चालतंय? भीती तर मला आधीच पुरेशी होती, वर आणखी कशाला? मग लक्षात आलं की माझ्या भीतीला आकार नव्हता. रोज सकाळी आकडे वर जायचे, संध्याकाळी खाली. कुणी वाईट वागत नव्हतं. डॉक्टर चांगले, परिचारिका चांगल्या, औषधं वेळेवर. तरी काहीतरी बिघडतच होतं आणि त्याच्यावर ओरडायचं म्हटलं तर समोर कुणी नव्हतं. पुस्तकातल्या भीतीला मात्र नाव होतं, चेहरा होता, राहायचा पत्ता होता. त्याचा एक बेत होता आणि बेत आहे म्हणजे तो उधळता येतो. नायिका दार ढकलायची आणि दार उघडायचं किंवा उघडायचं नाही. पण काहीतरी व्हायचं. केलेल्या गोष्टीचा परिणाम व्हायचा.

मला वाटतं, खरी मोहिनी ही आहे. खऱ्या आयुष्यात आपल्याला छळणाऱ्या बहुतेक गोष्टींना खलनायक नसतो. वय वाढतं, काम जातं, माणसं हळूहळू दुरावतात, नियम बदलतात. आपण पत्र पाठवतो आणि उत्तर येत नाही. नकारसुद्धा येत नाही. थ्रिलरमध्ये हे कधीच होत नाही. तिथे प्रत्येक प्रयत्नाला जगाकडून उत्तर मिळतं, बहुधा गोळीच्या रूपात मिळतं, पण मिळतं. आपण भीतीपासून पळून भीतीच्याच पुस्तकात शिरतो, हे वरवर वेडगळ दिसतं. प्रत्यक्षात आपण सौदा करत असतो: निराकार, बेमुदत काळजी द्यायची आणि तिच्या बदल्यात आकार असलेली, ३५० व्या पानावर संपणारी काळजी घ्यायची.

म्हणूनच नवे लेखक नायकावर मेहनत घेऊन येतात तेव्हा मी आधी खलनायकाबद्दल विचारते. त्याला काय हवंय? केव्हापर्यंत? तो काल काय करत होता? या प्रकारच्या कादंबरीत निदान पूर्वार्धात तरी चाल त्याची असते. नायक नुसता उत्तर देत असतो. मागे एकानं मोठा भीषण खलनायक लिहून आणला होता. थंड डोळे, मंद आवाज, वगैरे. आणि हा गृहस्थ १८० पानं काहीच करत नव्हता, नुसता खिडकीतून बाहेर बघत होता. नुसत्या भीषण दिसण्यानं कुणी घाबरत नाही. तो आता काय करेल याचा अंदाज बांधता आला, आणि तो अंदाज एका पावलानं चुकला, की घाबरायला होतं.

आता काळ्या-पांढऱ्यावरच्या आक्षेपाकडे येते, कारण तुमच्या लाजेचं मूळ तिथे असावं. 'खरं जग करड्या रंगाचं असतं, ही पुस्तकं खोटं सांगतात,' असं म्हटलं जातं. पूर्ण चूक नाही. पण चांगल्या थ्रिलरमध्ये करडेपणा कुठे असतो ते पाहा. खलनायक वाईट, हे ठरलेलं. प्रश्न भल्यांच्या बाजूचे असतात. मित्र दगा देईल का? निरपराध माणसाला वाचवायला नायक किती खोटं बोलेल? जिंकल्यावर तो घरी परतण्याजोगा उरेल का? एक बाजू पक्की केल्यामुळे दुसरी बाजू हलवून बघता येते.

एका नवोदित लेखिकेशी माझा यावर कडाक्याचा वाद झाला होता. तिच्या कादंबरीत शेवटी खलनायक सुखरूप निसटत होता, कारण 'वास्तवात असंच होतं'. आम्ही ते हस्तलिखित चार जणांना वाचायला दिलं. चौघांनाही फसवणूक वाटली. ती म्हणाली, वाचकांना गोड शेवटाची सवय लागली आहे. मला तसं वाटलं नाही. पहिल्या प्रकरणापासून पुस्तक ज्या सुरात बोलत होतं, तो सूर हिशेब चुकता होईल असं वचन देत होता. वचन न देता खलनायक सोडला असता तर कुणाची तक्रार नव्हती. शेवटी तिनं स्वतःच तोडगा काढला. माणूस निसटतो, पण ज्यासाठी एवढं केलं ते त्याच्या हातून जातं आणि ते कुणी घालवलं हे त्याला कळतं. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, हे कबूल करते.

मी खरोखर सावध असते ती एका वेगळ्या जागी. खलनायकानं अजून काहीही केलेलं नसताना वाचकाला तो खलनायक आहे हे कशावरून कळतं? गालावरचा व्रण, अधू पाय, वेगळी बोली, परकं नाव, यांवरून कळत असेल तर लेखकानं आळस केलाय, आणि तो निरुपद्रवी आळस नाही. भल्या-बुऱ्याची रेघ माणसाच्या कृत्यांवरून न काढता जन्मावरून किंवा चेहऱ्यावरून काढली की तेच सुख विष होतं, कारण वाचकाला मिळणारी मोकळीक तेवढीच खरी असते आणि ती कुणाच्या तरी जिवावर मिळते. माझ्या हातून गेलेल्या हस्तलिखितांतून मी असे व्रण किती पुसलेत त्याची मोजदाद नाही. तुम्हीही वाचक म्हणून ही परीक्षा घेऊ शकता. पुस्तक मिटल्यावर बाहेरच्या माणसांकडे तुम्ही जास्त संशयानं बघता का? बघत असाल तर ते पुस्तक सोडा, थ्रिलर सोडायचं कारण नाही.

वेगाबद्दल थोडं, कारण 'वेगवान' हा शब्द या पुस्तकांच्या मलपृष्ठावर हमखास असतो आणि हमखास चुकीच्या अर्थानं असतो. वेग म्हणजे तोकडी वाक्यं, असा समज आहे. व्हिक्टर नेल यांनी मजेसाठी वाचणाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यांचं पुस्तक १९८८ चं आहे. त्यांना आढळलं की सगळ्यात आवडलेली पानं लोक जास्त सावकाश वाचतात. आम्हाला हे तसं ठाऊकच होतं. वेग असतो तो गाळण्यात. प्रवास गाळा, 'तो उठला, आवरलं, निघाला' हे गाळा. आणि हात कुलपापर्यंत गेला की घाई करू नका. तिथे कुलपाचा गारठा येऊ द्या, आतल्या माणसाचं खोकणं येऊ द्या. पन्नास मैल एका ओळीत आणि पन्नास सेकंद तीन पानांत, असं हे प्रमाण आहे.

यात मराठीचा एक गुण कामाला येतो. आपलं क्रियापद शेवटी. 'तिनं खिशातून हळूच पिस्तूल' इथवर वाचलं तरी तिनं ते काढलं, चाचपलं की टाकून दिलं, हे कळलेलं नसतं. वाक्यातच प्राप्त्याशा! इंग्रजीवरून अनुवाद करताना मूळ वाक्यात क्रिया आधीच होऊन गेलेली असते. मराठीत ती दोन शब्द उशिरा आणता येते. मात्र वाक्य लांबलं तर तोच गुण उलटतो. वाचक क्रियापदाची वाट पाहता पाहता कंटाळतो. माझ्या पहिल्या अनुवादात मी हे बरोब्बर उलटं केलं होतं, निवांत प्रसंगी तुटक वाक्यं आणि मारामारीत अर्ध्या पानाची. ते पुस्तक मी कुणाला दाखवत नाही.

विसराचं उत्तर मी थोडक्यात देते. ही पुस्तकं प्रश्न उभे करतात आणि झाडून सगळ्यांची उत्तरं देतात. मागे काही शिल्लक राहत नाही, म्हणून मनात घोळत काही राहत नाही. पोहून आल्यावर किती हात मारले हे कोण आठवत बसतं? तरीही ज्या थोड्या थ्रिलरमधलं काहीतरी वर्षांनंतर आठवतं, त्यांच्याकडे नीट बघा. माझ्या बाबतीत आठवतो तो उकल झालेला कट नसतो. नायकानं मोजलेली एखादी किंमत आठवते, किंवा एखादं दुय्यम पात्र, जे फक्त चार पानं येऊन मेलं. तुम्हाला असं एखादं आठवतंय का?

आता पळून जाण्याबद्दल. ज्या परंपरेचा वर उल्लेख केला, तिच्या मूळ ग्रंथाच्या, म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्राच्या, पहिल्या अध्यायात नाट्य कशासाठी हे सांगताना दुःखानं, श्रमानं, शोकानं पोळलेल्यांना विश्रांती देणारं, असं म्हटलंय. मूळ शब्द 'विश्रान्तिजननं'. उपदेश, ज्ञान हेही तिथे आहे, पण थकल्याभागल्याला विसावा हा हेतू कुठे अडगळीत टाकलेला नाही. मग आपण का टाकावा? जॉन बकन या स्कॉटिश लेखकाची गोष्ट मला फार आवडते. १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलेलं, हा पोटातल्या व्रणानं अंथरुणाला खिळलेला. त्यानं पडल्या पडल्या एक छोटी पाठलागकथा लिहिली. तिला तो स्वतः हलकीफुलकी सनसनाटी गोष्टच म्हणायचा. १९१५ मध्ये ती छापून आली आणि खंदकांतल्या सैनिकांनी ती वाचली. ज्यांच्या डोक्यावरून खरे तोफगोळे जात होते त्यांना एका एकट्या माणसामागे लागलेल्या हेरांची गोष्ट हवीशी वाटली. खंदकात तुमच्या शौर्याला किंवा भ्याडपणाला तोफगोळा विचारत नाही. गोष्टीत मात्र चलाख माणूस चलाखीनं वाचतो.

त्यामुळे पळून जाणं म्हणजे हीन, हे मला मान्य नाही. पण कुठून पळताय आणि परत येता का, हे विचारावं लागतं. आणि इथे माझं ज्ञान संपतं, तुमची परिस्थिती सुरू होते. ही दोन वर्षं कामाच्या रेट्याची, आजारपणाची, कुणाच्या काळजीची असतील, तर तुमची अभिरुची बिघडलेली नाही, ती थकली आहे. रेटा उतरला की जुनी पुस्तकं आपोआप उघडतात. रुग्णालयात नेलेलं ते जाडजूड चरित्र तसंच पडून होतं, वडील घरी आल्यावर दीड महिन्यानं ते वाचून झालं. एखादा ठरावीक निर्णय टाळण्यासाठी रात्र रात्र वाचत असाल तर प्रश्न पुस्तकांचा नाही. आणि थ्रिलर सोडून कशातच मन लागत नसेल, गाण्यात नाही, माणसांत नाही, झोपही उडाली असेल, तर संपादकाला न विचारता डॉक्टरांना विचारा. हे उगाच घाबरवायला म्हणत नाही. तुमच्या प्रश्नात 'दोन वाजेपर्यंत' हे शब्द तीनदा आलेत, म्हणून म्हणते.

त्या दोन वाजण्यावर एक धंद्यातली युक्ती सांगते. प्रकरण संपल्यावर थांबायचं, असं तुम्ही ठरवत असणार. सगळेच ठरवतात, आणि आम्ही त्याच्यावरच टपलेले असतो. प्रकरणाचा शेवट ही पुस्तकातली सगळ्यात निसरडी जागा. ती तशी मुद्दाम केलेली असते. वर्तमानपत्रांत हप्त्याहप्त्यानं कादंबऱ्या छापल्या जात होत्या तेव्हापासून लेखक 'क्रमशः'च्या आधी कुणाला तरी कड्यावर लटकवत आलेत. म्हणून प्रकरणाच्या मध्ये थांबा. नव्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचली की आधीचा लटकलेला माणूस बहुधा सुखरूप असतो आणि नवा फास अजून आवळलेला नसतो. तिथे खूण घाला. माझ्या नवऱ्याला ही युक्ती सांगितली तेव्हा तो म्हणाला, बावीस वर्षं हे लपवून ठेवलंस?

'चांगल्या वाचनाकडे' परतायचं असेल तर जाडजूड कादंबरीनं सुरुवात करू नका. दोन थ्रिलरच्या मध्ये एक कथा वाचा, पंधरा-वीस पानांची, जिच्यात शेवटी हिशेब चुकता होत नाही. एका बैठकीत संपते, त्यामुळे तुमची सवय मोडत नाही. पण अनुत्तरित राहिलेलं काहीतरी घेऊन तुम्ही झोपायला जाता. महिनाभर करून पाहा. आणि आवडलेला एखादा थ्रिलर मुद्दाम पुन्हा वाचा, शेवट माहीत असताना. दुसऱ्या वाचनात तो कोसळला तर तो नुसत्या कुतूहलावर उभा होता. टिकला, तर तुम्ही ज्याला हलकं समजत होता ते तेवढं हलकं नव्हतं.

राहिली नावं. ती मी देत नाही. एक तर मी याच धंद्यात आहे आणि पहिली तीन नावं माझ्याच टेबलावरून गेलेल्या पुस्तकांची निघतील. दुसरं, तुम्हाला यातलं काय ओढतं हे अजून मला नक्की कळलेलं नाही. गुंतागुंतीचा कट, एकट्याची पळापळ की खलनायकाची हुशारी? ही तीन वेगळी माणसं असतात आणि त्यांना तीन वेगळी पुस्तकं लागतात. तेव्हा असं करा. शेवटचे जे दोन-तीन थ्रिलर वाचलेत ते पुन्हा चाळा आणि कुठल्या पानांवर तुम्ही नकळत सावकाश वाचलं होतं, ती पानं शोधा. त्या पानांवर काय चाललं होतं एवढंच लिहून कळवा. पुढचं त्यावरून बोलू.